कोंबडीच्या तळव्यातील गळू : घरचा इलाज आणि त्याची हद्द

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत कारागिराच्या घरामागे चार-सहा गावरान कोंबड्या असणे ही नवलाची गोष्ट नाही. मागाला मंदी आली, मजुरी थकली, तरी घरात अंडी असतात. दोन डझन शेजारी विकली तर मुलांच्या वह्यांचा खर्च निघतो. हा छोटा धंदा बहुतेक घरी अम्मी किंवा भाभी सांभाळतात आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. वहीत नाही म्हणून त्यातील नुकसानही कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

असे एक नुकसान म्हणजे लंगडी कोंबडी. कोंबडी पाय उचलून धरते, दाणे टाकले तर सर्वांच्या मागून येते आणि चार दिवसांनी अंडी बंद करते. मग घरात दोनच गोष्टी होतात. एक तर "मोचले असेल, होईल बरे" म्हणून तिला तशीच सोडून देतात, नाहीतर कापून मोकळे होतात. वास्तविक अशा पुष्कळ कोंबड्यांच्या तळव्यात गळू झालेले असते. ते लवकर सापडले तर घरच्या घरी, थोड्या पैशांत बरे होते. उशीर झाला तर डॉक्टरच्याही हातून बरे होईल याची खात्री नसते. तेव्हा हा मर्ज कसा ओळखावा, घरी काय करावे, काय मुळीच करू नये आणि कोणत्या ठिकाणी आपला हात थांबवावा, एवढाच आजचा धडा आहे.

हा मर्ज कोणता?

इंग्रजीत याला 'बम्बलफूट' म्हणतात. आपण सरळ 'तळव्यातील गळू' म्हणू. कोंबडीच्या पायाच्या खालच्या बाजूस, बोटे जिथे एकत्र येतात तिथे, एक मऊ गादी असते. सर्व अंगाचा भार तिच्यावर येतो. या गादीला खडा, फांस, तारेचे टोक किंवा फरशीच्या खरबरीतपणामुळे बारीक जखम होते. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या जखमेतून जंतू आत शिरतात आणि आत पू धरतो.

हे जंतू बहुधा 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या जातीचे असतात. स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० साली माणसाच्या गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना हे जंतू अंगुराच्या घोसासारखे एकत्र दिसले. म्हणून त्यांनी १८८२ साली ग्रीक भाषेतील 'अंगुराचा घोस' या शब्दावरून त्यांचे नाव ठेवले. हेच जंतू माणसाच्या कातडीवर आणि नाकातही असतात. ते कोंबडीकडून माणसाकडे येऊ शकतात आणि माणसाकडून कोंबडीकडे जाऊ शकतात. पुढे हातमोजे आणि साबण यांची गोष्ट वारंवार येईल, तिचे कारण हेच.

माणसाच्या आणि कोंबडीच्या गळवात एक मोठा फरक आहे. माणसाचा पू पातळ असतो. गळू पिकले, फुटले, की तो वाहून जातो. पक्ष्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारे द्रव्य नसते. त्यामुळे कोंबडीचा पू घट्ट, पिवळसर, सुकलेल्या पनीरसारखा होतो आणि त्याची गाठ बनते. ही गाठ आपोआप वाहून जात नाही, दाबल्यानेही निघत नाही. "पिकू द्या, फुटेल" हा माणसाचा नुस्खा कोंबडीला लागू पडत नाही, हे पहिल्यांदा मनात पक्के करावे.

पाय पाहण्याची रीत

कोंबडी पकडण्याची योग्य वेळ संध्याकाळची. अंधार पडला की ती दांडीवर शांत बसते आणि हातात सहज येते. जुन्या टॉवेलात पंखांसह गुंडाळावे आणि डोके हलक्या कपड्याने झाकावे. उजेड गेला की ती धडपड करीत नाही. छाती मात्र आवळू नये. कोंबडी छातीचे हाड वर-खाली करून श्वास घेते. छाती दाबली तर ती हातातल्या हातात गुदमरून मरू शकते.

मग दोन्ही पाय कोमट पाण्याने धुऊन तळवे उजेडात पाहावेत. लंगडत असलेला पाय तर पाहावाच, पण चांगला पायही पाहावा. कारण एक पाय दुखतो तेव्हा सारा भार दुसऱ्यावर जातो आणि काही दिवसांनी त्यालाही तोच मर्ज होतो.

या मर्जाच्या चार पायऱ्या धराव्यात :

१) तळवा लालसर, गुळगुळीत, चकाकणारा. गादीवरचे बारीक दाणे झिजलेले. जखम नाही, सूज नाही, लंगडणे नाही.

२) तळव्याच्या मधोमध तपकिरी किंवा काळी खपली, मसुरीच्या दाण्याएवढी. थोडी सूज. कोंबडी चालते, खाते.

३) खपली मोठी, पाय सुजलेला आणि हाताला गरम. आत टणक गाठ लागते. कोंबडी लंगडते.

४) सूज बोटांवर किंवा वर नळीकडे, सांध्यापर्यंत गेलेली. कोंबडी बसून राहते, खाणे कमी, अंगाने उतरलेली. या वेळी जंतू शिरेत आणि हाडात गेलेले असू शकतात. रक्तातून ते हृदयापर्यंतही जातात.

पहिली आणि दुसरी पायरी घरच्या इलाजाची. तिसरी पायरी डॉक्टरची. चौथ्या पायरीत डॉक्टरला दाखवून त्या जनावराचे हाल थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

लंगडी कोंबडी म्हणजे प्रत्येक वेळी गळू नव्हे

इलाज सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात.

पायाच्या नळीवरचे खवले वर उचललेले, पांढुरके आणि खरखरीत दिसत असतील व तळवा साफ असेल, तर खवल्यांखाली घर करणारे बारीक किडे आहेत असे समजावे. यात खपली सोलू नये. पाय कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, व्हॅसलीन किंवा खाण्याचे तेल खवल्यांत शिरेल असे चोळावे. दर दोन-तीन दिवसांनी असे काही आठवडे करावे लागते. हे किडे एकीकडून दुसरीकडे जातात, म्हणून सर्वच कोंबड्यांचे पाय पाहावेत आणि दांड्या साफ कराव्यात.

तरुण कोंबडी एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल, किंवा मान वाकडी, हिरवट विष्ठा, धाप अशी चिन्हे असतील, तर तो पायाचा रोग नव्हे. पहिले लक्षण मरेक्सचे, दुसरे राणीखेतचे असू शकते. दोन्हींवर लस आहे. पण ती आधी टोचायची असते, रोग झाल्यावर तिचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळे पडले, पायाच्या नळीवर रक्ताचे लाल डाग दिसले, तर हात लावू नये, मेलेली कोंबडी उचलून दुसरीकडे टाकू नये आणि एकही पक्षी विकू नये. ताबडतोब पशुसंवर्धन खात्याला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला. भारतातील ती पहिली लागण. तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि अंडी-कोंबडीचा बाजार देशभर बसला. एका घराने लपवलेल्या रोगाची किंमत साऱ्या बाजाराला मोजावी लागते.

इलाजाचे सामान

सामान आधी एका डब्यात जमवावे. कोंबडी हातात धरून मग बाटली शोधत फिरणे बरोबर नाही.

• रबरी हातमोजे. नसल्यास स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या हातावर बांधाव्यात.
• एक टब आणि कोमट पाणी.
• एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, औषधाच्या दुकानातले. खताच्या दुकानातले घेऊ नये. न मिळाल्यास साधे मीठ.
• पोव्हिडोन आयोडीन (बीटाडीन वगैरे नावाने मिळते).
• जंतुनाशक मलम. त्यात बधिर करणारे औषध नसावे. डबीवर 'बेंझोकेन', 'लिग्नोकेन' अशी 'केन'वर संपणारी नावे असतील तर ते मलम घेऊ नये. पक्ष्यांना त्यांची विषबाधा लवकर होते.
• गॉज, चिकटपट्टी आणि पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या.

कापडाविषयी आमच्या धंद्यातली दोन वाक्ये सांगतो. पट्टी सुतीच असावी, कारण पॉलिस्टर ओल शोषत नाही आणि जखम आत भिजत राहते. दुसरे, पट्टीच्या काठाचे सुटे धागे कात्रीने साफ करून मगच ती उकळून वाळवावी. सुटा धागा कोंबडीच्या बोटाला कसा घातक ठरतो ते पुढे येईलच.

घरचा इलाज

हा इलाज दुसऱ्या पायरीसाठी आहे. पहिल्या पायरीत फक्त पाय धुऊन कोरडा करणे आणि जागा सुधारणे पुरेसे होते.

एक : १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे एप्सम सॉल्ट विरघळवावे. साधे मीठ असेल तर चहाचे दीड सपाट चमचे. पाणी आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतकेच गरम असावे. त्यात पाय १० ते १५ मिनिटे ठेवावा. कोंबडीला ते पाणी पिऊ देऊ नये, एप्सम सॉल्टने जुलाब होतात.

दोन : पाय स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा. मऊ झालेली खपली गॉजच्या हलक्या हाताने पुसली तर निघते का पाहावे. सहज निघाली तर काढावी. चिकटून असेल तर ओढू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावे. दोन-तीन दिवसांत ती बहुधा सैल होते.

तीन : पोव्हिडोन आयोडीन स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून पातळ करावे, साधारण १ भाग औषध, ९ भाग पाणी. रंग दूध नसलेल्या पातळ चहासारखा दिसावा. त्याने जखम धुवावी. घट्ट औषध जास्त असर करते असे नाही. घट्ट आयोडीनने भरत आलेली नवी कातडी जळते.

चार : जागा कोरडी झाल्यावर मलमाचा पातळ थर द्यावा. गॉजची घडी खपलीच्या जागी ठेवावी. सुती पट्टी बोटांच्या मधून फिरवीत, नळीवर एक वेढा देऊन बांधावी आणि वर चिकटपट्टी लावावी. पट्टी घट्ट नको. एक तासाने बोटे पाहावीत. ती थंड, निळसर किंवा फुगलेली वाटली तर पट्टी लगेच सोडून पुन्हा सैल बांधावी.

पाच : कोंबडीला इतरांपासून वेगळे, कोरड्या आणि मऊ जागी ठेवावे. उंच दांडी देऊ नये. दाणा-पाणी जवळ असावे. वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे : पट्टी आणि रक्त पाहून इतर कोंबड्या टोचतात.

सहा : पट्टी रोज किंवा दिवसाआड बदलावी. ओली झाली, विष्ठेत भरली, तर त्याच वेळी बदलावी. ओली पट्टी ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

काढलेली पट्टी जाळावी किंवा खोल पुरावी. टब मोरीत, जिथे भांडी घासतात तिथे, धुऊ नये. हात साबणाने नीट धुवावेत. ज्यांच्या हाताला जखम आहे किंवा ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. मुलांना जवळ बसवू नये.

लहान गळू दोन-तीन आठवड्यांत भरते. चार-पाच दिवसांत सूज उतरण्याऐवजी वाढली, तर आपला इलाज संपला असे समजून डॉक्टर गाठावा. एवढा सब्र ठेवावा, पण त्यापुढे नव्हे.

धाग्याचा फास

यंत्रमागाच्या गावांत पायाच्या मर्जाचे एक खास कारण असते. कांडीचे उरलेले सूत, तुटलेले धागे, चिंध्या घरामागे पडतात. कोंबडी माती उकरते आणि धागा बोटांत गुंततो. चालता चालता गाठ आवळत जाते. सुती धागा कधीतरी कुजून तुटतो. पॉलिस्टरचा धागा कुजतही नाही आणि तुटतही नाही. तो कातडीत रुतून बोटाचे रक्त बंद करतो. वरून सूज दिसते, खाली धागा दिसत नाही. वेळेवर काढला नाही तर बोट काळे पडून गळते आणि त्या जखमेतून जंतू आत जातात.

म्हणून सुजलेले बोट दिसले की आधी धागा शोधावा. पाय कोमट पाण्यात भिजवून, बारीक आणि बोथट टोकाच्या कात्रीने धागा कापावा आणि सगळे वेढे निघाल्याची खात्री करावी. एक वेढा राहिला तरी फास राहिला. धागा मांसात रुतलेला असेल किंवा बोट काळे-थंड झाले असेल तर ते काम डॉक्टरचे. याचा खरा इलाज मात्र अगदी स्वस्त आहे : कारखान्यातील सुताच्या कचऱ्यासाठी एक गोणी ठेवावी आणि अंगण रोज झाडावे. तो कचरा विकलाही जातो.

काय करू नये

ब्लेडने तळवा कापून गाठ काढू नये. असे काम करणारे लोक पुष्कळ भेटतात. तळव्यात रक्ताच्या वाहिन्या आणि बोटे वाकवणाऱ्या शिरा असतात. शीर कापली गेली तर बोट कायमचे निकामी होते. कोंबडीला वेदना होत नाहीत हा समज चुकीचा आहे. ती ओरडत नाही, एवढेच. गाठ काढायची तर ती जागा बधिर करून, जंतुविरहित हत्यारांनी, डॉक्टरने काढावी.

रॉकेल, डिझेल, बॅटरीची पावडर, कळीचा चुना यांपैकी काहीही लावू नये. यांनी कातडी जळते आणि जखम मोठी होते. उघड्या जखमेत स्वयंपाकघरातील हळदही भरू नये. डब्यातली हळद जंतुविरहित नसते आणि जखमेत तिचे गोळे होतात.

माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. डायक्लोफिनॅक हे औषध माणसाला चालते, पण पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहे. हे औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे नाहीशी होऊ लागली, म्हणून २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

अँटिबायोटिक आणि अंडी

औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणायची, फोडायची आणि पिण्याच्या पाण्यात टाकायची, ही सवय घराघरांत आहे. ती दोन कारणांनी सोडली पाहिजे.

पहिले कारण : ते औषध गाठीत पोहोचतच नाही. घट्ट पुवाच्या गाठीत रक्त फिरत नाही, मग रक्तातून जाणारे औषध तिथे कसे जाणार? गाठ आणि घाण निघाल्यावरच औषधाचा उपयोग होतो. शिवाय पाण्यातून कोणत्या कोंबडीच्या पोटात किती गेले याचा हिशेब राहत नाही. कमी मात्रेत दिलेले औषध जंतूंना मारीत नाही, त्यांना औषधाची सवय लावते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो याच स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या काचेच्या तबकडीवर. त्याच फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना अपुऱ्या मात्रेचा हा धोका जगाला सांगितला होता. आज या जातीचे पुष्कळ जंतू पेनिसिलिनला दाद देत नाहीत. उद्या घरातील मुलाला गळू झाले आणि औषध चालले नाही, तर त्याचे मूळ आपल्याच अंगणात असू शकते. याच काळजीपोटी २०१९ साली भारत सरकारने कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवण्यासारखे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली.

दुसरे कारण अंड्याचे. अंड्यातील पिवळा बलक एका दिवसात बनत नाही. तो भरायला साधारण १० दिवस लागतात. त्या दिवसांत कोंबडीला दिलेले औषध बलकात जमा होते आणि इलाज थांबल्यानंतरही अंड्यातून निघत राहते. म्हणून डॉक्टरने अँटिबायोटिक दिले तर पहिला प्रश्न हा विचारावा : "अंडी किती दिवस खायची नाहीत, आणि मांस किती दिवस?" सांगितलेला दिवस कॅलेंडरवर लिहावा. तोपर्यंतची अंडी घरी खाऊ नयेत, शेजारी देऊ नयेत, विकू नयेत. फक्त पाय भिजवणे, आयोडीन आणि पट्टी एवढाच इलाज असेल आणि कोंबडी निरोगीपणे खात-पीत असेल, तर हा प्रश्न येत नाही; मात्र अंडी स्वच्छ असावीत.

मूळ कारण जागेत असते

पाय बरा झाला आणि जागा तीच राहिली, तर महिन्याभरात गळू पुन्हा होते. इलाजाचा अर्धा भाग खुराड्यात आहे.

अंगणात सिमेंटचा कोबा असेल तर त्यावर भाताचे तूस किंवा कोरडा भुसा ३-४ इंच पसरावा. वखारीतला भुसा चाळून घ्यावा, त्यात खिळे आणि फांसा असतात. ओला झालेला भाग रोज काढावा. बसण्याची दांडी जमिनीपासून दीड फुटापेक्षा उंच नसावी. उंचावरून कठीण फरशीवर रोज उडी मारली की तळव्याला मार बसतो. दांडी साधारण २ इंच रुंद, कडा गोल केलेली, घासून गुळगुळीत केलेली असावी. लोखंडी पाइप किंवा जाळीची तार दांडी म्हणून वापरू नये. जाळीची उघडी टोके वाकवून टाकावीत.

वजनाकडेही पाहावे. असील किंवा वनराजासारखी भारी कोंबडी आणि त्यात रोज शिळा पाव, भात असा खुराक, म्हणजे पायावर दुप्पट भार. नुसत्या कण्यांवर वाढलेल्या कोंबडीला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि तिची कातडी कमजोर होते. शेवग्याचा पाला, मेथी, पालक यांच्या काड्या स्वयंपाकघरातून फुकट मिळतात. पिवळा मका थोडा द्यावा. लांब वाढलेल्या नख्यांची फक्त टोके कापावीत.

दर पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी सर्व कोंबड्यांचे तळवे पाहण्याचा नियम ठेवावा. सहा कोंबड्यांना अर्धा तास लागतो.

डॉक्टर केव्हा?

लंगडणे, गरम सूज, टणक गाठ, सांध्यापर्यंत गेलेली सूज, खाणे बंद, किंवा चार-पाच दिवसांच्या इलाजाने फरक नाही. यांपैकी एकही चिन्ह असले तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी न्यावी. "एका कोंबडीसाठी काय जायचे?" ही लाज सोडावी. दवाखाना गाय-म्हशींचाच नाही, कोंबडीचाही आहे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

हिशेब आणि सौदा

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. ६० धरू. समजा अंडे १२ रुपयांना गेले, तर एका कोंबडीचे वर्षाचे ७२० रुपये. खुडूक बसून तिने २१ दिवसांत आठ-दहा पिले काढली तर त्यांची किंमत निराळी. आयोडीन, गॉज, मलम, मीठ यांना समजा २५० रुपये लागले, तरी ते सामान एका कोंबडीत संपत नाही; चार-पाच इलाजांना पुरते. म्हणजे दुसऱ्या पायरीवर सापडलेली कोंबडी वाचवणे नफ्याचे आहे. चौथ्या पायरीवर तोच पैसा, तेवढीच मेहनत आणि वर जनावराचे हाल. नफा-नुकसान कोंबडी कोणत्या दिवशी पाहिली यावर ठरते.

राहिला प्रश्न विकण्याचा. लंगडी कोंबडी पाय बांधून, पिशवीत घालून बाजारात नेली तर गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. कापडात डाग असेल तर घडी उलगडून दाखवणे हा दुकानदाराचा फर्ज आहे. मालातील ऐब लपवून केलेल्या सौद्याच्या पैशात बरकत नसते. इथे तर डागापेक्षा मोठी गोष्ट आहे. जंतू अंगभर पसरलेली, सुकलेली कोंबडी, किंवा औषधाचे दिवस न संपलेली कोंबडी कोणाच्या तरी घरी मुलांच्या ताटात जाणार आहे. स्टॅफिलोकॉकसने अन्नात सोडलेले विष शिजवल्यानेही नाहीसे होत नाही. अशी कोंबडी विकू नये आणि स्वतःही खाऊ नये. पूर्ण बरी झालेली कोंबडी विकायची असेल, तर तिचा पाय दाखवून, काय झाले होते ते सांगून विकावी. भाव पाच-दहा रुपयांनी उतरेल, पण गिऱ्हाईक पुन्हा येईल.

ज्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करावे. आज संध्याकाळी, कोंबड्या दांडीवर बसल्या की, बॅटरी घेऊन प्रत्येकीचे दोन्ही तळवे पाहावेत आणि अंगणातील धागे उचलावेत. हे ज्या घरी वेळेवर होईल, त्या घरी पट्टी बांधण्याची वेळ क्वचितच येईल.